एका हातात पेला, दुसऱ्या हातात घास

सॅन फ्रान्सिस्को किंवा न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधले रीतसर लग्नजेवण म्हणजे निवांत बसून, क्रमाक्रमाने खायचा सोहळा. एकेका गोल टेबलाभोवती दहा-बारा माणसे बसतात आणि आठ किंवा नऊ पदार्थ एकामागून एक येतात. आधी थंड मांसाचे काप आणि जेलीफिशच्या पट्ट्या मांडलेले मोठे ताट, मग सूप, कुरकुरीत कातडीची कोंबडी, वाफवलेला अख्खा मासा, दीर्घायुष्याची खूण म्हणून लांबच लांब नूडल्स आणि शेवटी लाल बियांचे गोड सूप. मासा डोक्या-शेपटीसकट आणतात, कारण संसाराचा आरंभ आणि शेवट दोन्ही चांगले व्हावेत अशी भावना त्यामागे असते. या जेवणात यजमानाला निवडीची फारशी चिंता नसते. बरीचशी निवड परंपरेनेच करून ठेवलेली असते.

अमेरिकेतल्या अनेक जोडप्यांना आता असा बेत नको असतो. वधू चिनी-अमेरिकी घरातली, वर दुसऱ्याच समाजातला, किंवा दोघांचाही चीनशी संबंध फक्त कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटपुरता. पण दोघांच्या आवडीचे जेवण तेच. मग बागेत, छोट्या हॉलमध्ये किंवा घरामागच्या अंगणात रिसेप्शन ठरते. पाहुणे उभे राहून, फिरत, गप्पा मारत खाणार असतात. इथे परंपरेचा क्रम कामाला येत नाही. कोणते स्टार्टर ठेवायचे आणि ते कशात वाढायचे, हे यजमानालाच ठरवावे लागते.

बहुतेक जण या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवतात. पदार्थ रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावरून आणि भांडी सजावटीच्या रंगावरून. खरे तर पदार्थ आणि भांडे ही एकच निवड आहे. वाफेवरचा पदार्थ पत्र्याच्या झाकणाखाली बिघडतो, तळलेला पदार्थ बंद खोक्यात मऊ पडतो आणि चॉपस्टिक्सने खायचा पदार्थ दुसऱ्या हातात पेला असलेल्या माणसाला खाताच येत नाही.

उभ्या पाहुण्याचे गणित

उभा पाहुणा एका हातात पेला धरतो. त्यामुळे खाण्यासाठी एकच हात उरतो आणि त्याच हाताने त्याला अधूनमधून हस्तांदोलनही करायचे असते. म्हणून चांगल्या स्टार्टरच्या अटी सरळ आहेत: एका किंवा दोन घासांत संपावा, हाड नसावे, रस गळू नये, बोटे तेलकट होऊ नयेत. बार्बेक्यू केलेल्या बरगड्या चिनी-अमेरिकी मेनूवर कितीही लोकप्रिय असल्या तरी या परीक्षेत नापास होतात. हाड ठेवायचे कुठे, हा प्रश्न पाहुण्याच्या हातातच राहतो.

प्रमाणाचा केटरिंग व्यवसायातला ठोकताळा असा: नंतर जेवण असेल तर पहिल्या तासाला माणशी ४ ते ६ नग, स्टार्टरवरच भागवायचे असेल तर माणशी १० ते १२. शंभर पाहुणे आणि नंतर जेवण, तर सुमारे ५०० नग पुरतात. ते पाच प्रकारांत वाटले तर स्वयंपाकघर आणि वाढपी दोघांनाही झेपते. दहा प्रकार ठेवले की प्रत्येकाचे ताट लवकर रिकामे होते आणि उशिरा आलेल्यांना उरलेसुरलेच मिळते. चार प्रकारही शक्यतो टाळावेत, कारण चिनी कुटुंबांत चार हा आकडा अशुभ मानतात आणि शुभकार्यात वडीलधाऱ्यांच्या ते चटकन लक्षात येते.

विस्तवावरून उतरल्यावर

मेनूकार्डावरचे नाव पाहून स्टार्टर निवडू नये. विस्तवावरून उतरल्यावर अर्ध्या तासाने त्याचे काय होते, ते पाहून निवडावा.

तळलेल्या पदार्थांचा मान पहिला. चिनी-अमेरिकी जेवणातला एग रोल जाड, फुगीर, फोड आलेल्या पारीचा असतो. तो अमेरिकेतच घडला. न्यूयॉर्कचे शेफ हेन्री लो यांच्या १९३८ सालच्या पाकपुस्तकात त्याची कृती आहे. स्प्रिंग रोलची पारी याउलट पातळ, कागदासारखी. चीनमध्ये वसंताच्या आरंभी खायच्या पदार्थांशी त्याचे नाते आहे. रिसेप्शनसाठी या दोघांतला फरक महत्त्वाचा आहे. एग रोलच्या सारणात कोबी भरपूर, म्हणजे पाणी भरपूर. तळून काढल्यावरही आतली वाफ बाहेर पडत राहते आणि पारी आतून ओली करते. जाड पारी हा ओलावा काही काळ सोसते. पण तो रोल चांगला जाडजूड असल्याने आडवा कापून द्यावा लागतो आणि कापला की सारण सांडते. पातळ पारीचे बोटभर स्प्रिंग रोल न कापता देता येतात, मात्र ते थोडे थोडे तळून लगेच बाहेर पाठवावे लागतात.

क्रॅब रंगून हा अमेरिकेतला आणखी एक लाडका पदार्थ. वॉनटनच्या चौकोनी पारीत क्रीम चीज आणि खेकड्याचे मांस भरून तो तळतात. नाव ब्रह्मदेशातल्या शहराचे असले तरी १९५० च्या दशकात तो कॅलिफोर्नियातल्या ट्रेडर विक्स या रेस्टॉरंटच्या मेनूवर आला. क्रीम चीज चिनी स्वयंपाकात परंपरेने नाहीच. पण एका घासाचा, हाताने धरता येणारा आणि सारणात पाणी कमी असल्याने बराच वेळ कुरकुरीत राहणारा, असा तो उभ्या पाहुण्यासाठी जवळजवळ आदर्श आहे. एकच सावधगिरी: आत दूध आणि खेकडा दोन्ही आहेत, म्हणून तो तासन्‌तास उघड्यावर ठेवू नये आणि त्याची पाटी ठळक असावी.

वाफेवरच्या पदार्थांत डिमसमचे दोन राजे म्हणजे हार गाऊ आणि सिउ माय. कोळंबीच्या हार गाऊची पारी गव्हाचे निव्वळ स्टार्च आणि टॅपिओकाचे स्टार्च उकळत्या पाण्यात मळून करतात. गरम असताना ती अर्धपारदर्शक दिसते, आतली गुलाबी कोळंबी जाणवते, आणि निष्णात कारागीर तिला दहाच्या वर चुण्या घालतो. पण उकडीच्या मोदकासारखीच तिची खरी गोडी गरम असेपर्यंत. गार होऊ लागताच स्टार्चचे कण पुन्हा घट्ट बांधले जातात. पारी आधी चिवट होते, मग निस्तेज आणि कडक, आणि उचलताना तळाशी चिकटून फाटते. म्हणून वाफेचे भांडे शेजारी चालू ठेवायची सोय नसेल तर हार गाऊचा मोह टाळावा. सिउ माय उघड्या तोंडाचे असते आणि त्याची पातळ पारी गव्हाच्या पिठाची, त्यामुळे ते थोडे थंड झाले तरी चालते. फुगलेल्या पिठाचे चार सिउ बाओ, म्हणजे भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचे पाव, त्याहून टिकाऊ: पावाच्या आत सारण ऊब धरून ठेवते आणि हात कोरडे राहतात.

सर्वांत दुर्लक्षित वर्ग थंड पदार्थांचा. ठेचलेल्या काकडीवर काळे व्हिनेगर, लसूण आणि तिळाचे तेल. चहा-मसाल्यात मुरवलेली, कवचाला तडे देऊन नक्षी उमटवलेली अंडी. तिळाच्या सॉसमधल्या थंड नूडल्स. या नूडल्सना न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये १९७० च्या दशकात शॉर्टी टँग यांनी प्रसिद्धी मिळवून दिली. हे पदार्थ आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतात आणि ऐन समारंभात शेगडी मागत नाहीत. पारंपरिक लग्नजेवणाची सुरुवात थंड ताटाने होते, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांनाही ते ओळखीचे वाटतात. पाच प्रकारांत दोन थंड, दोन वाफेचे आणि एकच तळणाचा ठेवला, तर एका तळणीवर सगळा समारंभ अडकून पडत नाही.

भांड्यांची पारख

बांबूची गोल टोपली ही शोभेची वस्तू समजली जाते, पण ती आधी एक उत्तम यंत्र आहे. तिचे विणलेले झाकण जास्तीची वाफ शोषते आणि बाहेर सोडते, म्हणून पदार्थावर पाण्याचे थेंब पडत नाहीत. पत्र्याच्या झाकणाखाली हेच थेंब पारीवर पडून ती चिकट होते. टोपलीच्या तळाशी कोबीची पाने किंवा भोके पाडलेला बेकिंगचा कागद घातला की नग सहज सुटतात. टोपल्या एकावर एक रचून पाण्याच्या भांड्यावर ठेवता येतात आणि वरची टोपली उचलून थेट टेबलावर नेता येते.

याउलट केटररचे चाफिंग डिश, म्हणजे खाली गरम पाणी आणि जेलची ज्योत असलेले झाकणाचे भांडे, रस्सेदार पदार्थांसाठी योग्य. तळलेले रोल त्यात झाकून ठेवणे हा अशा रिसेप्शनमधला नेहमीचा घात. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा कुरकुरीतपणा जातो. तळण जाळीवर, उघडे, एका थरात ठेवावे. ढीग घातला की खालचे रोल स्वतःच्याच वाफेत भिजतात.

चिनी मातीचा सपाट तळाचा सूपचमचा फार उपयोगी पडतो. तो टेबलावर कलंडत नाही, म्हणून त्यात एक वॉनटन, दोन थेंब मिरचीचे तेल आणि कांद्याच्या पातीचा एक तुकडा घालून असे पन्नास चमचे ट्रेमध्ये रांगेने मांडता येतात. पाहुणा चमचा उचलतो, एका घासात खातो, रिकामा चमचा परत ठेवतो. सॉसची वाटी नको, बशी नको.

अमेरिकी लग्नांत सर्वांत जास्त मागणी असते ती तारेच्या कडीच्या पांढऱ्या कागदी खोक्याला. हे खोके चिनी नाही. शिकागोच्या फ्रेडरिक वीक्स विल्कॉक्स यांनी १८९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या काळी अमेरिकेत कालवे स्वस्त होती आणि सोललेली कालवे घरी न्यायला अशी कागदी बादली लागत असे. एकाच अखंड कागदाच्या घड्या घालून ती बनते, तळाला जोड नसतो, म्हणून रस गळत नाही आणि वरच्या पाकळ्यांच्या फटीतून वाफ निसटते. पुढे घरपोच चिनी जेवणाने हे खोके आपलेसे केले. त्यावरचा लाल पॅगोडा तर १९७० च्या दशकातला. रिसेप्शनसाठी त्याचा सर्वांत लहान आकार, ८ औंसांचा, नूडल्सच्या एका वाढणीला नेमका पुरतो. मात्र खोके एका हातात आणि चॉपस्टिक्स दुसऱ्या हातात आल्या की पेला ठेवायला जागा हवी. अशा खोक्यातला पदार्थ ठेवायचा असेल तर पाच-सहा माणसांमागे एक उंच टेबल हवेच.

चॉपस्टिक्सच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. चिनी चॉपस्टिक्स जपानी चॉपस्टिक्सपेक्षा लांब आणि बोथट टोकाच्या असतात, कारण मधल्या ताटापर्यंत हात पोचावा लागतो. दुसरी गोष्ट गंभीर आहे: भातात किंवा नूडल्सच्या खोक्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्या तशाच दिसतात. सजावट करणाऱ्यांना हे ठाऊक नसते आणि फोटोत छान दिसते म्हणून ते नेमके तसेच करतात. चॉपस्टिक्स आडव्या, लाल कागदी पट्टीत द्याव्यात. लाल रंग लग्नाचा, पांढरा शोकाचा. म्हणून पांढऱ्या खोक्यांना लाल फीत आणि लाल नॅपकिनची जोड द्यावी. सोबत काटेही ठेवावेत. चॉपस्टिक्स न जमणाऱ्या पाहुण्याला उपाशी ठेवणे हे यजमानपण नव्हे.

ज्येष्ठांसाठी दोन-तीन बसायची टेबले राखावीत आणि त्यावर फिरती तबकडी ठेवावी. या तबकडीमागे आरोग्याचा विचार आहे. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनी १९१०-११ मध्ये मांचुरियातली फुप्फुसांच्या प्लेगची साथ आटोक्यात आणली. एकाच भांड्यात सगळ्यांच्या चॉपस्टिक्स बुडण्यातला धोका ओळखून त्यांनी पुढे फिरती तबकडी आणि वाढायचे वेगळे चमचे यांचा पुरस्कार केला. अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटांत तबकडी रुळली ती १९५० च्या दशकात. आजही प्रत्येक ताटाला वाढायचा स्वतंत्र चमचा किंवा चॉपस्टिक्सची जोडी हवीच.

एकदा वापरून टाकायच्या बश्या घेताना त्या कशाच्या आहेत ते विचारावे. तेल झिरपू नये म्हणून कागदी आणि चिपाडाच्या बश्यांत पूर्वी पीएफएएस जातीची रसायने वापरत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की अशी तेलरोधक द्रव्ये उत्पादक आता अन्नाच्या वेष्टनांसाठी तिथे विकत नाहीत. कोकण आणि कर्नाटकात बनणाऱ्या सुपारीच्या विरीच्या बश्या दिसायला देखण्या, पण २०२५ मध्ये याच प्रशासनाने त्यांना अन्नासाठी मान्यता नसल्याचे सांगितले. सुपारीतली नैसर्गिक रसायने अन्नात उतरण्याची शंका हे त्याचे कारण. भाड्याने मिळणाऱ्या चिनी मातीच्या छोट्या बश्या या सगळ्या प्रश्नांतून सोडवतात.

पाटी आणि घड्याळ

चिनी स्टार्टरमध्ये न दिसणारे घटक पुष्कळ. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. वरून शाकाहारी दिसणाऱ्या ब्रोकोलीवर ऑयस्टर सॉस असू शकतो, आणि तो कालवांच्या अर्काचा. ग्वांगदोंगच्या ली कुम शुंग यांनी १८८८ मध्ये तो प्रथम केला असे मानतात. शाकाहाऱ्यांसाठी मशरूमपासून केलेला तसाच सॉस मिळतो, तो केटररला नाव घेऊन सांगावा. अमेरिकेत कायद्याने ठरवलेल्या प्रमुख ॲलर्जीकारकांत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची नववा म्हणून भर पडली. आधीच्या आठांत गहू, सोया, अंडी, दूध, मासे, खेकडा-कोळंबी, शेंगदाणा आणि झाडावरचे सुके मेवे आहेत. डिमसमच्या एका टेबलावर यातले सहा-सात सहज सापडतात. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे नाव आणि घटक सांगणारी छोटी पाटी लावावी, आणि शाकाहारी पदार्थांचे टेबल वेगळे ठेवावे म्हणजे चिमटे एकमेकांत मिसळत नाहीत.

घड्याळाचा नियम साधा आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड पदार्थ ४ अंशांच्या आसपास. या दोन्हींच्या मधल्या तापमानात कोणताही पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बागेत ऊन असेल आणि पारा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. भाताबाबत जास्त जपावे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. शिजलेला भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा परतूनही नष्ट होत नाही. फ्राइड राइससाठी भात उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात केटरर जेव्हा ‘भात सकाळीच करून ठेवलाय’ असे सांगतो, तेव्हा तो कुठे ठेवलाय हे विचारलेच पाहिजे.

मंचुरियनची जागा

एडिसनचे नाव आले ते उगीच नाही. न्यू जर्सीतल्या मराठी आणि इतर भारतीय कुटुंबांच्या रिसेप्शनमध्ये चायनीजचा अर्थ बहुधा मुंबईचे चायनीज असा असतो. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये १९७५ साली नेल्सन वाँग यांनी कांदा, आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या जोडीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केले. त्याचेच कोबीचे भावंड आज पुण्या-मुंबईच्या प्रत्येक हॉलमध्ये दिसते. स्टार्टर म्हणून कोरडे मंचुरियन उत्तम: गोळा एका घासाचा, टूथपिकवर धरता येतो, आणि सॉस वरून लपेटलेला असल्याने वेगळी वाटी लागत नाही. रश्श्याचे मंचुरियन मात्र जेवणाच्या टेबलावरच शोभते. त्याचा भडक लाल रंग हा शंकेचा विषय आहे. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी गोव्यात म्हापसा पालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत त्याचे स्टॉल लावू दिले नाहीत. काश्मिरी मिरचीने पुरेसा रंग येतो. केटररकडून तसे लेखी घ्यावे.

फॉर्च्युन कुकीची मागणीही अशा लग्नांत हमखास होते. तिची मुळे जपानमध्ये, क्योटोच्या परिसरात आहेत आणि चीनमध्ये ती परंपरेने खात नाहीत. तरी जोडप्याचा संदेश आत घालून दिलेली कुकी ही पाहुण्यांसाठी चांगली छोटी भेट ठरते.

शेवटी एक आग्रहाची सूचना. केटररची चव घ्यायला जाल तेव्हा गरमागरम घास खाऊन होकार देऊ नका. ठरवलेले पाचही पदार्थ त्याच भांड्यांत मागवा, जी समारंभात असतील, आणि टेबलावर पंचेचाळीस मिनिटे तसेच राहू द्या. मग उभे राहा, डाव्या हातात पाण्याचा पेला घ्या आणि उजव्या हाताने एकेक नग खाऊन पाहा. जो मऊ पडला, फाटला, गळला किंवा दोन हात मागू लागला, तो यादीतून काढा. आगाऊ रक्कम त्यानंतरच भरा.